आयीनं कुकर नेला

प्रिय ताई,
मी बार्शीची. नीटमध्ये गुण बरे होते, पण सरकारी कॉलेज मिळेल इतके नव्हते आणि खाजगीची फी आम्हाला झेपणारी नव्हती. गणपती उठले आणि दोन दिवसांनी मी निघाले. चीनमध्ये नानजिंगच्या एका विद्यापीठात एमबीबीएसला आले आहे. आज अकरावा दिवस. आईनं बॅगेत तीन लिटरचा कुकर, छोटी इंडक्शन शेगडी, मेतकूट, शेंगाचटणी असं सगळं भरून दिलं होतं. चौथ्या दिवशी होस्टेलची बाई खोलीत आली, चायनीजमध्ये बरंच काही बोलली आणि कुकर-शेगडी उचलून घेऊन गेली. त्या दिवशी मी खूप रडले. ऑफिसनं पासपोर्ट काढून घेतलाय आणि हातात एक चायनीज कागद दिलाय. आईशी धड बोलता येत नाही. इथे व्हॉट्सअ‍ॅप नाही, तिकडे वीचॅट नाही. आमच्या एजंटचा माणूस 'व्हिसाच्या कामाचे' अडीच हजार युआन मागतोय. सिनिअर म्हणतात, चायनीज शिकायच्या भानगडीत पडू नकोस, लेक्चर इंग्लिशमध्येच आहेत, आपली मेस आहे, आपला ग्रुप आहे. मेसमध्ये डाळभात खाते आणि झोपते. बाबांनी कर्ज काढलंय. परत येऊ का?
– एक विद्यार्थिनी, नानजिंग

मुली,

आधी कुकरचं बोलू, कारण तुझ्या पत्रात खरं रडू तिथंच आलंय.

जी बाई कुकर घेऊन गेली तिला तिथं 'आयी' म्हणतात. ऐकायला आपल्या 'आई'सारखंच, फक्त 'यी' वर चढवायचा, आपण 'हो?' असं विचारताना चढवतो तसा. अर्थ मात्र मावशी. होस्टेलची आयी, कँटीनच्या खिडकीतली आयी, जिने पुसणारी आयी. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटात कालवायचं. अनोळखी बाईला दिवसातून दहा वेळा आई म्हणून हाक मारायची म्हणजे काय!

मीही नानजिंगलाच होते. २००८ च्या सप्टेंबरात भाषा शिकायला गेले आणि पाणी तापवायची कॉइल तिसऱ्या दिवशी अशीच गमावून बसले. जिन्यापर्यंत भांडत गेले, तेही शुद्ध मराठीत. खोलीत शेगडी, कॉइल, राइस कुकर, इस्त्री ठेवायची नाही हा तिथल्या बहुतेक होस्टेलांचा नियम आहे आणि तो आगीच्या भीतीनं केलेला आहे. एकेका मजल्यावर कितीतरी खोल्या, प्रत्येकीत पांघरुणं, वह्या, पडदे. तुझ्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा जिन्याजवळ लाल फुल्या मारलेल्या चित्रांचा एक कागद असेल, बघ. त्यात तुझी शेगडी नक्की सापडेल. माझी कॉइल खालच्या खोलीत कपाटात पडून होती. जानेवारीत सुट्टीला निघाले तेव्हा आयीनं एक वही उघडली, माझ्या खोलीच्या आकड्यापुढे सही घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॉइल हातात ठेवली. तुझ्याही कुकरची नोंद कुठेतरी असेल. परदेशी विद्यार्थ्यांच्या पुष्कळ इमारतींत मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असतं, तिथं शेगडी चालते. तुमच्याकडे आहे का, हे तू अजून कुणाला विचारलेलं नाहीस, हे मी पैजेवर सांगते.

कशावरून? तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात सिनिअर आहेत, एजंटचा माणूस आहे, आई आहे, बाबा आहेत. चिनी माणूस एकच आहे, आणि ती काय बोलली ते तुला कळलं नाही. अकरा दिवसांत एवढंच. तू घरच्या आठवणीनं कोमेजली आहेस असं तुला वाटतंय. असेलही. पण बार्शीत दहावी-बारावीत नंबर काढणारी, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारी मुलगी एका रात्रीत मुकी आणि निरक्षर झाली, हे त्याहून मोठं आहे. पाटी वाचता येत नाही, औषधाची बाटली वाचता येत नाही, 'माझी वस्तू कधी परत मिळेल' एवढंही विचारता येत नाही. अशा माणसाला झोपच येते. अंगात आळस शिरलाय असं समजू नकोस.

याचं औषध पुढे सांगते. आधी कागदपत्रं, कारण तिथं चुकलं तर पैसे आणि झोप दोन्ही जातात.

पासपोर्ट 'काढून घेतला' हा शब्द मनातून काढ. तू एक्स-१ व्हिसावर, म्हणजे लांब मुदतीच्या शिक्षणाच्या व्हिसावर गेली आहेस. तो फक्त आत शिरण्यापुरता असतो, बहुधा एकाच प्रवेशाचा. चीनमध्ये पाऊल टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या विभागाकडून निवास परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी आरोग्य तपासणीचा दाखला, प्रवेशपत्र, व्हिसासाठी वापरलेला जेडब्ल्यू फॉर्म, राहत्या पत्त्याची पोलीस नोंद आणि मूळ पासपोर्ट लागतो. विद्यापीठं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून एकदमच नेतात. तुझ्या हातातला चिनी कागद म्हणजे बहुधा त्या विभागाची पावती. त्यावर एक तारीख छापलेली असेल. आकडे तर आपल्याला वाचता येतातच. त्या तारखेला पासपोर्ट परत मिळतो, आत परवाना चिकटवलेला. तोवर ती पावती हेच तुझं ओळखपत्र. तिचा फोटो काढून ठेव आणि कागद मेतकुटाच्या डब्याखाली ठेवू नकोस. कागदावर तारीखही नाही आणि शिक्काही नाही असं असेल, तर मात्र उद्याच आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन पासपोर्ट कुठे आहे ते विचार.

म्हणजे या घडीला 'परत येऊ का' या प्रश्नाचं उत्तर मी न देताही मिळालंय. पासपोर्ट येईपर्यंत तुला कुठंच जाता येणार नाही. आणि परवाना लागण्याआधी रागारागानं निघालीस तर तो एका प्रवेशाचा व्हिसा संपला, परत जायचं तर सगळं पहिल्यापासून.

एजंटच्या माणसाला अडीच हजार देऊ नकोस. वर्षभरापर्यंतच्या निवास परवान्याची सरकारी फी ४०० युआन आहे. आरोग्य तपासणीची फी वेगळी, पण तीही तपासणी केंद्रात भरायची आणि तिथं छापील पावती मिळते. त्या माणसाला गोड आवाजात विचार: कशाचे किती, पावती कुणाच्या नावाची? पावती शब्द ऐकला की ही माणसं एकदम कामात गढून जातात. 'मी सगळ्यांचं करतो' म्हणाला तर ऑफिसातल्या शिक्षिकेला विचारून सांगते म्हण. तिथं ऑफिसातल्या कारकुनालाही 'लाओश' म्हणजे शिक्षक म्हणायची रीत आहे, ते लक्षात ठेव. दुपारी बारा ते दोन मात्र जाऊ नकोस, ऑफिस झोपलेलं असतं. आम्हा पुणेकरांना याचं काही वाटत नाही, बाकीच्यांनी सवय करून घ्यावी.

एक नियम सिनिअर हसण्यावारी नेतील: राहायची जागा बदलली की २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद. होस्टेलची नोंद विद्यापीठ करतं, हॉटेलची हॉटेल करतं. पण मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीत मुक्काम केलास किंवा पुढे बाहेर राहायला गेलीस, तर ती जबाबदारी तुझी. नोंद नसेल तर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना संपून राहिलं तर दिवसाला ५०० युआन, १०,००० पर्यंत. परवाना दरवर्षी वाढवावा लागतो, म्हणून ती तारीख बाबांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरही लिहून ठेवायला सांग. शंका आली तर १२३६७ हा तिथल्या इमिग्रेशन खात्याचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो आणि इंग्रजीत बोलतात. आपलं दूतावासाचं काम च्यांगसू प्रांतासाठी, म्हणजे तुझ्यासाठी, शांघायचं वकिलातीचं ऑफिस बघतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करून टाक, दहा मिनिटांचं काम आहे.

आता नावाचा घोळ. हा अजून झाला नसेल तर होणार आहे. समज, पासपोर्टवर आडनाव कदम आणि 'दिलेलं नाव' या रकान्यात अपर्णा शिवाजी असं दोन शब्दांत आहे. सिमकार्डवाल्यानं अपर्णा शिवाजी कदम टाकलं, बँकेनं कदम अपर्णा शिवाजी टाकलं, तिसरीकडे मधली जागाच गाळून सगळं जोडून टाकलं. माणसाला कळतं ही एकच मुलगी. यंत्राला त्या तीन मुली वाटतात. मग अलीपेला, म्हणजे फोनवरून पैसे द्यायच्या तिथल्या अ‍ॅपला, बँकखातं जोडताना 'माहिती जुळत नाही' एवढंच येत राहतं आणि आपण आपला अंगठा झिजवत बसतो. म्हणून सगळीकडे एकच क्रम, एकच स्पेलिंग, जागा सोडायची तिथंच सोडलेली. चिनी लोक आडनाव आधी लावतात. तुला तरी त्याचं नवल वाटायला नको. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनावच आधी असतं. हजेरीत 'कदम अपर्णा शिवाजी' ऐकत वाढलेल्यांना तिथला फॉर्म भरणं सोपं जातं. फॉर्म भरणारा माणूस जे लिहितो ते मात्र तिथल्या तिथं, सही करण्याआधी अक्षर अक्षर तपास.

बँकखातं उघडेपर्यंत उपाशी राहायचं कारण नाही. अलीपे आणि वीचॅटला आता आपल्याकडच्या बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वरचे पैसे लागत नाहीत, त्याच्यावर गेलं की ३ टक्के. कँटीन, बस, भाजी सगळं त्यात बसतं. रुपे आणि यूपीआयच्या भरवशावर मात्र राहू नकोस. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम चालू राहील एवढा रिचार्ज बाबांना करत राहायला सांग. नवं सिम आलं म्हणून जुनं फेकून देणारी हुशार मुलं दर वर्षी असतात.

त्याच जुन्या सिमनं आईचा प्रश्नही अर्धा सुटतो. भारतानं जून २०२० मध्ये ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट गेलं. व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, इन्स्टाग्राम, यूट्यूब तिकडे बंद. म्हणजे तू आणि आई एका भिंतीच्या दोन बाजूंना नाही, दोन भिंतींच्या दोन बाजूंना आहात. पण भारतीय सिमवर रोमिंगचा डेटा घेतला की तो आपल्या कंपनीच्या वाटेनं जातो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. महाग आहे, व्हिडिओ नको, दिवसाला चार ओळी आणि एक फोटो पुरे. बोलायला मायक्रोसॉफ्टचं टीम्स दोन्हीकडे चालतं, आईच्या फोनवर भावाकडून टाकून घे. जीमेलऐवजी आउटलुकचा पत्ता काढ. 'सगळे व्हीपीएन वापरतात' असं तुला ऐकू येईलच. वापरतात. पण परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथल्या कायद्यात बसत नाही, आणि ऐन वेळी ते बंदही पडतं, म्हणून आईशी बोलण्याची सगळी मदार त्याच्यावर ठेवू नकोस.

आणि वेळ ठरव. तुझं घड्याळ अडीच तास पुढे. आई जेवणं आवरून नऊला फोन घेऊन बसते तेव्हा तुझे साडेअकरा झालेले, दिवे गेलेले, तू उशीत तोंड घालून रडवेली. त्या वेळी घरच्यांशी बोलूच नये, कुणीच. तिच्या संध्याकाळच्या चहाला बोल, तुझे साडेसात-आठ असतील, पोटात जेवण असेल. आमच्या वेळी आंतरराष्ट्रीय फोनची कार्डं मिळायची, आकडे खरवडून काढायचे. कार्ड संपत आलं की बाई चिनीत सूचना द्यायची आणि माझ्या आईला वाटायचं मीच तिच्यावर ओरडतेय.

खाण्याचं. मेसमधला डाळभात सोडू नकोस, पण दुपारचं जेवण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये घे. रोज. चव म्हणून नव्हे, खिडकीसाठी. साडेअकरालाच जा, साडेबाराला गेलीस तर तळ खरवडलेला असतो. शाकाहारी आहेस की नाही ते तू लिहिलं नाहीस. असशील तर 'वो छ्र सू', मी शाकाहारी खाते, एवढ्यावर थांबू नकोस, कारण भाजीत वरून खिम्याची चिमूट टाकली तरी पुष्कळांच्या लेखी ती भाजीच राहते. 'पूयाव रौमो' म्हणजे खिमा नको, हे शिक. मापो तोफूत खिमा असतो, कोरड्या परतलेल्या शेंगांतही बहुधा असतो. डोळे मिटून घेता येईल अशा दोन गोष्टी: टोमॅटो घालून परतलेलं अंडं, आणि 'स्वानला थूतौस', म्हणजे बटाट्याचा बारीक लांब कीस, सुकी मिरची आणि व्हिनेगर टाकून कचकचीत परतलेला. त्यावर तुझी शेंगाचटणी भुरभुरली की बार्शी अगदीच लांब वाटत नाही. डुकराचं चालत नसेल तर 'छिंगचन' पाटीची खिडकी शोध, ती मुसलमानी जेवणाची. जिरं, हळद, धने तिथं मागवता येतात. तूरडाळ सुट्टीत घरून आण.

माझा पहिला आठवडा सांगते. खिडकीतल्या आयीनं अंगठा आणि करंगळी ताणून हात कानाजवळ हलवल्यासारखा केला. मला वाटलं, फोन आलाय म्हणतेय. मी मागे वळून बघितलं. ती पुन्हा तसंच करते. मागची रांग हसायला लागली. सहा युआन झाले होते, बस्. ते लोक एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा-करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी म्हणजे आठ. त्या दिवशी मी खोलीवर येऊन रडले नाही, आरशापुढे उभं राहून सहा ते दहा घोटले. दुसऱ्या दिवशी तिनं सहा दाखवल्यावर मीही सहा दाखवला. ती इतकी खूश झाली की वर एक डाव बटाटा घातला. पुढे दोन वर्षं तो जास्तीचा डाव मला मिळत राहिला.

आता ते औषध. भाषेचं.

मराठी मुलीला या भाषेत एक फुकटची गोष्ट मिळालीय, आणि ती वर्गात कुणी सांगत नाही. आपल्याकडे दोन 'च' आहेत: चहातला आणि चांदण्यातला. लिपीत एकच, पण तोंडात कधी गल्लत होत नाही. चिनीतही हे दोन वेगळे आहेत. रोमन लिपीत जे 'झेड' लिहितात तो बराचसा आपला चांदण्यातला 'च', आणि 'जे' लिहितात तो चहातल्या 'च'च्या जवळचा. सकाळी आयीला 'चाव' म्हण, चावण्यातला चाव. ती चकित होऊन बघेल, कारण परदेशी मुलं 'झाओ' म्हणतात. 'बी' लिहिलं असेल तिथं 'प', 'पी' लिहिलं असेल तिथं 'फ', पण ओठ मिटून म्हटलेला. तसंच 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख'. तिसरी-चौथीपासून महाप्राण-अल्पप्राण घोकलेलं अखेर कामी येतं. सूर मात्र कष्टानेच येतात. 'माय' खाली जाऊन वर आला तर विकत घेणं, सरळ खाली आपटला तर विकणं. मी एकदा दुकानात छत्री विकायला गेले होते असं दुकानदाराला बराच वेळ वाटत होतं.

सिनिअरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. लेक्चर इंग्रजीत होतील. पण वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही. खाटेवरची आजी तर प्रमाण चिनीही धड बोलणार नाही, नानजिंगच्या बोलीत पुटपुटेल. तिला 'नाली पू शूफू', कुठं त्रास होतोय, हे विचारून उत्तर समजलं नाही, तर तू त्या वॉर्डात भिंतीला टेकून उभी राहणार आणि वर्षभर तशीच उभी राहणार. म्हणूनच चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेची चौथी पातळी पदवीसाठी मागतात. आपल्या बीजिंगच्या दूतावासानं २०२२ साली विद्यार्थ्यांसाठी जे सूचनापत्र काढलं, त्यातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच पत्रात आणखी एक आकडा आहे, तो तुला घाबरवायला नाही, जागं करायला सांगते. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची भारतातली पात्रता परीक्षा दिली, पास झाले ६,३८७. सोळा टक्के. हे सगळे तुझ्यासारखेच डॉक्टर व्हायचं म्हणून गेलेले. ते काय बुद्धीनं कमी होते? माझं मत विचारशील तर पुष्कळजण सहा वर्षं एका मजल्यावर राहिले. आपली मेस, आपला ग्रुप, आपल्या मालिका, रात्री दोनपर्यंत जागरण, पेशंट बघितला तो लांबून.

ग्रुप तोडू नकोस हं. ताप आला तर वरणभात आणून देणारी तीच मुलं आहेत. पण तिथं परदेशी विद्यार्थ्यांची इमारत वेगळी असते. चिनी मुलं शेजारी राहायला येत नाहीत, म्हणून ओळख आपोआप होत नाही, करावी लागते. आत्ता मैदानावर लष्करी गणवेशातली मुलं ऊन खात रांगेत 'यी-अर-यी' करत असतील. ते चिनी प्रथम वर्ष आहे, त्यांना ती कवायत सक्तीची असते. संपली की ती मुलं इतकी दमलेली आणि रापलेली असतात की कुणाशीही गप्पा मारतात. त्यातल्या एखाद्या मुलीला इंग्रजी सुधारायचं असेल; तू अर्धा तास इंग्रजी बोल, ती अर्धा तास चिनी बोलेल. याला तिकडे 'यूपान' म्हणतात, भाषेची जोडीदार. तुझ्या भाषेच्या शिक्षिकेला सांगितलंस तर ती स्वतः गाठ घालून देईल.

बीजिंगच्या मुत्सद्द्यांपेक्षाही या बाबतीत तुझ्या जिल्ह्याच्या माणसाचा दाखला जवळचा. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेव्हा २७ वर्षांचे होते आणि चिनीचा एक शब्द येत नव्हता. पाचही जणांना तिथं चिनी नावं मिळाली, प्रत्येकाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणिसांचं 'ख तीह्वा'. पुढे ते तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवत होते. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांच्यासारखं आयुष्य वाहून टाक असं मी तुला कदापि सांगणार नाही. मी एवढंच म्हणतेय की तुला शिक्षिका चिनी नाव देईल तेव्हा नाक मुरडू नकोस, आणि आपण कुठल्या म्हणून कुणी विचारलं तर ख तीह्वाच्या गावाजवळची असं सांगून बघ. साठीपुढच्या माणसाला तर हमखास.

राहिला परत यायचा प्रश्न. परत येणं म्हणजे नामुष्की नाही, हे आधी बाबांच्या वतीनं मीच सांगून टाकते. पण ते घरच्या आठवणीवर ठरवू नकोस, कागदावर ठरव. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला हवा आणि त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी. तिथं डॉक्टरकी करायचा परवाना मिळण्यास तू पात्र असायला हवीस. चीनच्या शिक्षण खात्यानं परदेशी मुलांना इंग्रजीतून एमबीबीएस शिकवायला ४५ विद्यापीठांना परवानगी दिलेली आहे. तुझं त्या यादीत आहे का? प्रवेशपत्रावर माध्यम काय लिहिलंय? इंटर्नशिप तिथंच होणार असं लेखी कुठे आहे? हे तीन प्रश्न एजंटला नाही, ऑफिसातल्या लाओशला विचार, उत्तर मेलवर माग. यातलं एकही 'नाही' आलं तर मग बॅग भर, मी स्वतः तुझ्या बाबांशी बोलेन. एक वर्षाचं कर्ज सहा वर्षांच्या कर्जापेक्षा बरं. तिन्हींचं 'हो' आलं तर जानेवारीत, सत्र संपून वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची लांब सुट्टी लागेल तेव्हा, घरी ये, हुरडा खा, आणि मग बाबांसमोर बसून ठरव. तेव्हाचं 'नको' मी ऐकेन. अकराव्या दिवसाचं ऐकणार नाही.

मात्र झोप सतत लागत नसेल, जेवण बंद झालं असेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर जानेवारीची वाट बघू नकोस. त्याच दिवशी ऑफिसला सांग, मैत्रिणीला खोलीत झोपायला बोलाव आणि घरी फोन लाव, कितीही वाजलेले असोत.

थंडीची तयारी आत्ताच कर. चीनमध्ये सरकारी हीटिंगची ऊब ढोबळमानानं ह्वाय नदीच्या उत्तरेला मिळते आणि नानजिंग त्या रेषेच्या खाली येतं. पार उत्तरेकडच्या हार्बिनच्या मुली खोलीत टीशर्ट घालून बसतात, तुम्ही वर्गात दोन स्वेटर घालून लिहाल. जाड रजई आणि गरम पाण्याची रबरी पिशवी घे. विजेच्या ब्लँकेटला बहुधा त्याच फुल्यांच्या कागदावर जागा असेल, तेही बघून घे. पण त्याआधी एक दिवस सकाळी खिडकी उघडशील आणि सगळ्या आवारात गोड, जर्दाळूसारखा वास भरलेला असेल. ती क्वेह्वा, त्यांची बारीक पिवळी फुलं. आठ-दहा दिवसच टिकतो.

उद्या खाली जा. आयी काचेमागे बसलेली असेल, समोर चहाचा उंच पेला, त्यात पानं तरंगत. आधी 'आयी, चाव' म्हण. मग फोनवर कुकरचं चित्र दाखव आणि मजल्यावर स्वयंपाकघर आहे का ते भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये लिहून विचार. ती पुन्हा बरंच काही बोलेल. या वेळी फोन तिच्या तोंडाशी धर. आणि कुकर परत मिळाला तर तो खोलीत पलंगाखाली लपवायची अक्कल चालवू नकोस. शिट्टी चार मजले खाली ऐकू जाते.

– तुझी ताई